प्रतिपिंड नेमके कुठे चिकटते? : सिकलसेलच्या पट्टीमागील विज्ञान

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द आता कुणाला नवा राहिलेला नाही. रक्ताची तपासणी होते, आणि नावापुढे 'एए', 'एएस' किंवा 'एसएस' अशी दोन अक्षरे लिहून मिळतात. पुढे याच दोन अक्षरांवर लग्नाची बोलणी अडतात, सुनेला बोल लागतो, एखाद्या घरात उगाच भीती पसरते, तर दुसऱ्या घरात उगाच निर्धास्तपणा येतो. परंतु ही अक्षरे कशाच्या आधारावर लिहिली जातात, आणि त्यांवर विश्वास ठेवावा तर किती, हे विचारणारे थोडे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे. विषय थोडा किचकट आहे. पण बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यास तो समजण्यास हरकत नाही, आणि न शिकलेल्या वाचकानेही शेवटचा भाग तरी अवश्य वाचावा.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्यात अल्फा व बीटा अशा दोन जातीच्या साखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ व बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, बाकीची १४५ जशीच्या तशी. तेवढ्याने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून लांब दोरे होतात आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात; त्यातून असह्य वेदना, कावीळ, रक्तक्षय. हा बदल एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक, म्हणजे 'एएस'; दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे 'एसएस'. वाहकास सहसा कसलाही त्रास नसतो. दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखविले, आणि १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी तो एकाच अमिनो आम्लाचा आहे हे सिद्ध केले. आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत सिकलसेल आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात महार समाजातील माणसांमध्ये हा गुण आढळल्याची नोंद आहे. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची, म्हणजे ही नोंद आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीची होय. महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओटकर या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत नोंदलेले आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे सत्तर टक्के असल्यामुळे येथे हा प्रश्न मुख्यतः सातपुड्यातील गावांचा समजला जातो, पण तो तेवढ्यांचाच नाही. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून जेथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तेथे हा गुण टिकून राहिला. त्यात कुळाचा वा जातीचा कमीपणा शोधणे हे निव्वळ अज्ञान आहे.

आता तपासणीकडे वळू. गावोगावी फार वर्षे चालत आलेली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. एका द्रावणात रक्त टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते. स्वस्त व सोपी चाचणी, पण तिला 'एएस' व 'एसएस' यांतील फरक कळत नाही. शिवाय नवजात बाळात ती फसते, कारण बाळाच्या रक्तात बहुतेक हिमोग्लोबिन गर्भावस्थेतील 'एफ' जातीचे असते. पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. त्यास यंत्र लागते, वीज लागते, शिकलेला माणूस लागतो. नर्मदाकाठच्या पाड्यावरून नमुना खाली यावयाचा आणि अहवाल वर जावयाचा, यात दिवस जातात. म्हणून मधला मार्ग म्हणून प्रतिपिंडांच्या पट्ट्या आल्या. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. वय शून्य ते चाळीस या गटातील सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरले. अशा मोठ्या कामात जागेवर निकाल देणाऱ्या साधनांचे महत्त्व साहजिकच वाढले.

प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हे नाव अवघड वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. रक्तगट तपासताना काचेच्या पट्टीवर रक्ताच्या थेंबात जे औषध टाकतात व गुठळ्या होतात का पाहतात, ते औषध म्हणजे प्रतिपिंडच. शरीरात परकी वस्तू शिरली की तिला पकडण्यासाठी शरीर जे प्रथिन तयार करते ते प्रतिपिंड. मात्र ते त्या संपूर्ण वस्तूस कवटाळीत नाही. वस्तूच्या पृष्ठभागावरील एका छोट्या जागेस ते चिकटते. त्या जागेला एपिटोप म्हणतात. एकाच प्रथिनावर असे अनेक एपिटोप असतात आणि प्रत्येकासाठी वेगवेगळी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात.

येथेच सिकलसेलच्या पट्टीची खरी अडचण सुरू होते. माणसाचे सिकल हिमोग्लोबिन उंदराला टोचले, तर उंदीर त्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार करील. परंतु त्यांतली बहुतेक अशा जागांना चिकटतील की ज्या साध्या व सिकल हिमोग्लोबिनमध्ये अगदी सारख्याच आहेत. अशी प्रतिपिंडे आपल्या उपयोगाची नाहीत. ती 'हे माणसाचे हिमोग्लोबिन आहे' एवढेच सांगतील, 'हे सिकल आहे' असे सांगणार नाहीत. आपणांस हवे असते ते सहाव्या जागेकडेच पाहणारे प्रतिपिंड. गंमत अशी की उंदराच्या स्वतःच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ना ग्लुटामिक आम्ल असते ना व्हॅलीन. तेथे ॲलॅनिन असते, आणि पाचवी जागाही आपल्याहून वेगळी आहे. त्यामुळे हा भाग उंदराला परका वाटतो व त्याविरुद्ध प्रतिपिंड मिळण्याची आशा राहते. १९७५ साली कोहलर व मिलस्टाईन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची रीत शोधली (त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले), आणि शेकडो प्रतिपिंडांतून हवे ते एक निवडून काढणे शक्य झाले. त्याच १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दुसरी युक्ती केली. बीटा साखळीच्या आरंभीचा, सहाव्या जागी व्हॅलीन असलेला छोटा तुकडा प्रयोगशाळेत बनविला, आणि जनावराच्या रक्तरसातील मिश्र प्रतिपिंडांतून जी या तुकड्याला धरतील तेवढीच वेगळी काढली. तांदळातील खडे वेचावेत तसे हे काम!

पण निवडलेले प्रतिपिंड खरोखर कुठे चिकटते हे कळावे कसे? डोळ्यांना तर काही दिसत नाही. यासाठी जी कामे करतात त्यांना एपिटोपची जागानिश्चिती म्हणतात. तिचे एक फार सुंदर उदाहरण आपल्या शेतकरी वाचकांना जवळचे वाटेल, कारण ते गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचे आहे. १९८४ साली मारिओ गेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या विषाणूवरील २१३ अमिनो आम्लांचे एक प्रथिन घेतले. पहिला तुकडा १ ते ६, दुसरा २ ते ७, तिसरा ३ ते ८, असे सहा-सहा अमिनो आम्लांचे २०८ तुकडे त्यांनी बनविले व प्रत्येक वेगळ्या खुंटीवर बसविला. मग सर्व खुंट्या प्रतिपिंडाच्या द्रावणात बुडवून पाहिल्या. प्रतिपिंड १४६ ते १५२ या भागातील तुकड्यांना चिकटले. एवढ्यावर न थांबता त्या तुकड्यातील एक-एक जागा पाळीपाळीने बदलून पाहिली. तेव्हा १४८ व १५१ या जागांवरील ल्युसीन बदलले की प्रतिपिंड सुटून जाते, असे आढळले. म्हणजे पत्ता नुसत्या गल्लीपर्यंत नव्हे, घरापर्यंत सापडला. पुढे प्रत्येक जागी ॲलॅनिन घालून पाहण्याची रीतही रूढ झाली.

ही रीत सर्वत्र चालत नाही हेही सांगितले पाहिजे. प्रथिनाची साखळी सरळ दोरीसारखी नसते; ती घडी होऊन गुंडाळलेली असते, आणि दोरीवर लांब असलेल्या दोन जागा घडीमुळे शेजारी येतात. १९८६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील गटाने कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम व त्याचे प्रतिपिंड यांचा एकत्र स्फटिक करून क्ष-किरणांनी तपासला. एपिटोपमध्ये लायसोझाइमची १६ अमिनो आम्ले होती, आणि ती साखळीच्या १८ ते २७ व ११६ ते १२९ अशा दोन दूरच्या भागांतील होती. असा एपिटोप तुकडे करून सापडत नाही. सुदैवाने बीटा साखळीची सहावी जागा साखळीच्या टोकाजवळ व बाहेरच्या बाजूस आहे, म्हणून आपले काम सोपे.

विद्यार्थी मित्रांनी आता वही घ्यावी. बीटा साखळीची पहिली आठ अमिनो आम्ले अशी आहेत : व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन. सिकलमध्ये यांतील सहावे व्हॅलीन होते. हिमोग्लोबिन 'सी' नावाच्या दुसऱ्या प्रकारात तेच सहावे लायसिन होते. बाळाच्या 'एफ' हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. तिची पहिली आठ : ग्लायसीन, हिस्टिडीन, फेनिलॲलॅनिन, थ्रिओनिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, ॲस्पार्टिक, लायसिन. पाहा, सहावे अमिनो आम्ल तर येथेही ग्लुटामिकच! तेव्हा साधे 'ए' हिमोग्लोबिन ओळखणारे प्रतिपिंड केवळ सहाव्या जागेवर अवलंबून असते, तर नवजात बाळाच्या 'एफ' लाही 'ए' म्हणून बसले असते, आणि 'एसएस' बाळ 'एएस' ठरले असते. त्याला शेजारची पाचवी, सातवी, तिसरी अशी एखादी जागाही पाहावी लागते.

याहून बारीक पेच पुढे आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात २ ते ३ टक्के 'ए-२' नावाचे हिमोग्लोबिन असते व त्यात डेल्टा साखळी असते. डेल्टाची पहिली आठही अमिनो आम्ले बीटासारखीच आहेत. फरक येतो तो नवव्या व बाराव्या जागी. म्हणजे 'ए' चे प्रतिपिंड पहिल्या आठातच गुंतलेले असेल तर ते 'ए-२' ला धरल्यावाचून राहणार नाही. मग 'एसएस' रुग्णाच्या पट्टीवर थोडासा 'ए' दिसण्याचा धोका. यावर उपाय दोनच : प्रतिपिंड नवव्या-बाराव्या जागेपर्यंत पोचणारे निवडावे, किंवा पट्टीची संवेदनक्षमता अशी ठेवावी की दोन-तीन टक्के तिला जाणवू नयेत. कोणता उपाय करावयाचा हे जागा माहीत झाल्याशिवाय ठरविता येत नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात या गोष्टीकडे फार काळ दुर्लक्ष झाले, असे माझे मत आहे. बाटलीवर एका प्रथिनाचे नाव, आणि आतील प्रतिपिंड भलत्यालाच चिकटते, असे प्रकार इतके झाले की २०१५ साली 'नेचर' मध्ये ब्रॅडबरी व प्लुकथुन यांनी अनेक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी याविरुद्ध आवाज उठविला. तथापि जागानिश्चिती झाली म्हणजे सर्व झाले असेही नव्हे. प्रतिपिंड आपल्या प्रथिनावर कुठे बसते एवढेच तिने कळते. तशीच सहा-सात अमिनो आम्लांची जागा दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर असेल तर तेथेही ते बसेल. म्हणून ज्या पेशींत ते प्रथिन मुळी नाहीच अशा पेशींवरही प्रतिपिंड लावून पाहतात. तेथेही रंग उमटला, तर ते प्रतिपिंड अविश्वसनीय समजावे. सिकलसेलच्या बाबतीत ही कसोटी निसर्गानेच दिली आहे. 'एए' माणसाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन मुळीच नसते, 'एसएस' रुग्णाच्या रक्तात 'ए' मुळीच नसते. दोघांचे रक्त शेजारी ठेवून पाहिले की प्रतिपिंडाची परीक्षा होते.

आज वापरात असलेल्या पट्ट्यांपैकी हेमोटाइप-एससी ही एकाच जातीच्या प्रतिपिंडांवर आधारलेली आहे. तिचे वाचन उलटे आहे, हे लक्षात ठेवावे. पट्टीवरील रेघेत ते-ते हिमोग्लोबिन आधीच बसविलेले असते. रक्तात 'एस' असले की प्रतिपिंड रक्तातच गुंतून पडते व रेघेपर्यंत जाऊन बसत नाही. म्हणून 'एस' ची रेघ उमटत नाही. रेघ नाही म्हणजे हिमोग्लोबिन आहे! सिकल स्कॅन या दुसऱ्या पट्टीत मिश्र प्रतिपिंडे वापरतात व तेथे रेघ दिसणे म्हणजे ते हिमोग्लोबिन असणे. दोन्ही पट्ट्या हाताळणाऱ्याने गोंधळ होऊ देऊ नये. हेमोटाइपची देशातील चार भागांत दीड हजारांहून अधिक नवजात बालके व मोठी माणसे घेऊन तपासणी झाली. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या शास्त्रज्ञांचा त्यात मुख्य सहभाग होता. २०२० साली प्रसिद्ध झालेले निकाल प्रयोगशाळेतील तपासणीशी बहुतांशी जुळणारे होते. तेव्हा पट्टी निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही.

मात्र पट्टी सहाव्या जागेच्या आसपास पाहते, म्हणून तिला बाकीची साखळी दिसत नाही. पंजाबकडे जास्त आढळणारे व इतरत्रही असलेले हिमोग्लोबिन 'डी' घ्या. त्यातील बदल १२१ व्या जागी आहे. हिमोग्लोबिन 'ई' मधील बदल २६ व्या जागी. या दोघांची सहावी जागा साधी असल्यामुळे पट्टी त्यांना 'ए' समजते. एखाद्याला एका पालकाकडून 'एस' व दुसऱ्याकडून 'डी' आले असेल तर तो खरोखरीचा रुग्ण असतो, त्याला वेदनांचे झटके येतात. पण पट्टी त्यास 'एएस', म्हणजे निरोगी वाहक म्हणेल. असा मनुष्य दुखणे सांगत आला तर 'कार्डावर तर वाहक लिहिले आहे' म्हणून त्याला परत पाठवू नये; एचपीएलसीसाठी नमुना पाठवावा. नुकतेच रक्त चढविलेल्या रुग्णाचेही तसेच. दात्याचे 'ए' त्याच्या रक्तात फिरत असते, आणि पट्टी तेही इमानाने दाखविते.

सर्वांत जास्त काळजीची गोष्ट थॅलसेमियाची. बीटा थॅलसेमियाच्या वाहकात बीटा साखळीची घडण बदललेली नसते, ती कमी प्रमाणात तयार होते एवढेच. प्रतिपिंड घडण ओळखते, प्रमाण मोजत नाही. म्हणून थॅलसेमियाच्या वाहकाला पट्टी 'एए' म्हणते, आणि भारतात अशा वाहकांचे प्रमाण ३ ते ४ टक्के आहे. मुलगा 'एएस' व मुलगी 'एए' म्हणून निश्चिंत मनाने लग्न लागते. प्रत्यक्षात मुलगी थॅलसेमियाची वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणात सिकल-थॅलसेमियाचे मूल होण्याची शक्यता चारात एक, दोन सिकल वाहकांइतकीच. म्हणून जोडप्यातील एकजण 'एएस' निघाल्यास दुसऱ्याची तपासणी पट्टीवर न थांबता एचपीएलसीने करावी. तीत 'ए-२' चे प्रमाण मोजून मिळते व ते साधारणतः चार टक्क्यांच्या वर गेले की थॅलसेमियाचा वाहक ओळखू येतो. हे लग्नाआधी समजले तर उत्तमच. गर्भ राहिल्यानंतर समजले तर पहिल्या तीन महिन्यांतच आरोग्य केंद्रात सांगावे. १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, आणि ती सोय परळच्या वर सांगितलेल्या संस्थेत आहे.